अनुभव धागा : इतिहास वेगळा घडला असता तर आपले नायक कसे दिसले असते?

'फॉर ऑल मॅनकाइंड' मालिकेत १९६९ साली चंद्रावर पहिलं पाऊल सोव्हिएत अंतराळवीर लिओनोवचं पडतं आणि तिथून इतिहास वेगळ्या वाटेला लागतो. मला मात्र रॉकेटांपेक्षा माणसं जास्त लक्षात राहिली. ज्यांना जगाने डोक्यावर घेतलं, त्यांचे डागही इथे दिसतात. ही मालिका बघताना तुमच्या घरात काय बोलणं झालं, ते सविस्तर लिहा.

दादरहून
माझे बाबा विज्ञानाचे शिक्षक. ऑक्टोबर १९६९ मध्ये चंद्रावर जाऊन आलेले अपोलो ११ चे आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईत आले, तेव्हा त्यांना बघायला गर्दीत उभे होते. त्यांच्या कात्रणांच्या वहीत त्यांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचा जनक वेर्नर फॉन ब्राउनला अख्खं पान आहे. मालिकेतल्या सुनावणीत त्याला छळछावणीतल्या मजुरांबद्दल विचारतात आणि त्याचं पद जातं. प्रत्यक्षात अशी सुनावणी कधी झालीच नाही. १९७७ साली तो गेला तो मानसन्मानासकट. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी त्याने केलेली व्ही-२ रॉकेटं मात्र खरोखरच नाझींच्या डोरा छावणीच्या कैद्यांकडून बोगद्यांत बनवून घेतली होती. तिथल्या सुमारे ६० हजार कैद्यांपैकी २० हजारांच्या आसपास मेले.

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"व्ही-२ त्याने केलं, हे ठाऊक होतं. कोणाकडून करवून घेतलं, ते आमच्या पेपरात आलं नव्हतं."

त्यांनी कात्रण काढलं नाही. फोटोखाली पेन्सिलीने 'डोरा' लिहिलं आणि कैद्यांचा आकडा टाकला.

चेंबूरहून, दादरच्या ताईंना
तुमच्या वडिलांना आर्थर रुडॉल्फबद्दलही सांगा. सॅटर्न-५ प्रकल्पाचा व्यवस्थापक. डोराच्या चौकशीमुळे १९८४ मध्ये त्याला अमेरिका सोडावी लागली. म्हणजे मालिकेतली सुनावणी अगदीच हवेतली नाही.

मुलुंडहून
मी इंजिनिअर आहे. मला मालिकेतली नासाची इंजिनिअर मार्गो आपली वाटली. ज्याने तिला घडवलं त्या फॉन ब्राउनचं सत्य कळल्यावर ती तुटते, पण त्याच्याकडून शिकलेलं गणित काही विसरता येत नाही. माझ्याही पहिल्या साहेबांबद्दल मला असंच वाटतं. त्याहून जास्त इथे लिहिणार नाही.

बोरिवलीहून
आपल्याकडच्या चरित्र-मालिकांत नायक कधी चुकतच नाही. सुरुवातीलाच 'कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही' अशी पाटी येते. माझा मुलगा दहावीत आहे. त्याला हाडामांसाची माणसं दाखवा, तो आदर सोडणार नाही.

गिरगावातून
मला मात्र अमेरिकन सिनेटर टेड केनेडीचा धागा खुपला. १८ जुलै १९६९ च्या रात्री, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, चॅपाक्विडिक बेटावर एका पार्टीतून निघालेली त्याची गाडी पुलावरून पाण्यात गेली. गाडीत त्याच्याबरोबर असलेली मेरी जो कोपेक्नी मेली, वय २८. त्याने पोलिसांना कळवलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. शिक्षा झाली, पण तुरुंग नाही. पुढे मरेपर्यंत तो सिनेटर राहिला. मालिकेत चंद्राची शर्यत हरल्यामुळे तो त्या पार्टीला जातच नाही, ती वाचते आणि १९७२ मध्ये हा राष्ट्राध्यक्ष होतो. माणूस तोच, फक्त ती रात्र टळली. हे मला पटतं. पण जी वाचली तिची गोष्ट कुठे आहे? टेडचे भाऊ रॉबर्ट केनेडींच्या प्रचारात राबलेली, राजकारण कळणारी बाई होती ती. तिला मिळालेली वर्षं तिने कशी जगली, हे मला बघायचं होतं.