पिकात घुसणाऱ्या रोह्यासाठी (नीलगायीसाठी) रायफल की बारा बोर (शॉटगन)? आणि दुर्बीण कोणती?

धुऱ्यावरचा (समुद्रपूर)
राजेहो, विषय वाकडा आहे, पण काढतोच. मागच्या नोव्हेंबरात पुतण्याकडे पेन्सिल्व्हेनियात होतो. तिथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत हरणं मारतात. दोन सकाळी त्याच्यासोबत थंडीत कुडकुडत बसलो. मला वाटायचं, मोठी रायफल घेतली की झालं. तसं नाही. आधी विचारतात, शिकार करणार कशी? दाट झाडीत पावलं टाकत जाणार असाल तर आखूड, हलकी थर्टी-थर्टी रायफल. जनावर दिसतंच ५०-६० यार्डांवर, म्हणून स्कोपही (बंदुकीवरची दुर्बीण) एक ते चार पटींचा, आजूबाजूचं जास्त दाखवणारा. तिच्या बॅरलखालच्या नळीत काडतुसं एकामागे एक आडवी असतात, म्हणून गोळीचं नाक चपटं. टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळलं तर आतच बार उडायची भीती. मचाणावर बसायचं तर .३०८ किंवा .२४३ बोरची रायफल, वर तीन ते नऊ पटींचा स्कोप. पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरात ३०० यार्डांवर मारायचं तर अजून वेगळं गणित. २०० यार्डांना नेम बसवलेल्या .३०८ ची गोळी तिथे सात-आठ इंच खाली उतरते.

आपल्याकडे रोही मारायची वनखात्याची परवानगी मिळालीच, तर घरात जी गंजकी बारा बोर असेल ती चालते. माझं म्हणणं, परवानगीसोबत हत्यारही ठरवून द्या. मचाण, ३१५ बोरची रायफल, वर चार पटींचा साधा स्कोप. छऱ्याने रोही मरत नाही, सडतो.

नाल्याकाठचा (दर्यापूर)
भाऊ, मचाण ठीक आहे, रायफल नाही. आमचा भाग तव्यासारखा सपाट. नोव्हेंबरात चारही बाजूंच्या पऱ्हाटीत बाया कापूस वेचत असतात, धुऱ्यावर पोरं खेळतात. नेम चुकला तर रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाते. ती कोणाच्या वावरात पडली हे पंचनाम्यातच कळेल. तुमच्याच अमेरिकेत ओहायोत हरणासाठी .३०८ चालत नाही. एकच गोळी भरलेली शॉटगन, नाहीतर मानेशी निमुळतं न होणाऱ्या, सरळ काडतुसाची रायफल, तीही गोळी लवकर खाली यावी म्हणून. पुतण्या हे सांगायचं विसरला वाटते. बारा बोर वाईट नाही, तिच्यात छर्रे भरणारा वाईट. एकच गोळी भरा, ५० मीटरच्या आत येऊ द्या.

धुऱ्यावरचा
मचाणावरून गोळी खाली जाते, हुकली तर मातीत घुसते. म्हणूनच मचाण म्हटलं.

नाल्याकाठचा
१० फुटांच्या मचाणावरून १५० मीटरवर मारली तर किती खाली जाते? आडवीच जाते हो.

जुना वनरक्षक (निवृत्त)
दोघांचंही अर्धं खरं. रोही हरणाच्या कुळातला नाही, गाय-म्हशीच्या कुळातला. मोठा नर २०० किलोच्या वर भरतो. .२४३ तिकडच्या हरणाला पुरते, रोह्याला ती कमीच. अन् चितळ-काळवीट या धाग्यात आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरतात.

नोकरीत असताना एका नाल्यात रोही सापडला होता. मागच्या फऱ्यात छर्रे, जखमेत अळ्या. तिसरा दिवस असावा. उठता येत नव्हतं, एक कान तेवढा हलवत होता. कोणी मारला, गावात सगळ्यांना ठाऊक, बोललं कोणीच नाही. तिकडचा माणूस जखमी जनावराच्या रक्ताचा माग काढत जातो. आपल्याकडे बार झाला की मारणारा आधी घरी पळतो. स्कोप बसवला म्हणून ही सवय जाईल का?

तूरवाली (दारव्हा)
सगळे भाऊ दुर्बिणीवर भांडता, एक सांगा. रोही येतो रात्री अकरा वाजता. अंधारात त्या चार पटींतून काय दिसते? मी अन् सासूबाई जागलीला जातो. झटका मशीनची तार तो चरता चरता कान मागे टाकून ओलांडतो. फुलोऱ्यातली तूर शेंड्यावर खातो, खालून नुसत्या काड्या.

धुऱ्यावरचा
ताई, अंधारात काहीच दिसत नाही, खरं आहे. तिकडेही हरणावर रात्री बार करायला बंदी आहे. दिवेलागणीला मात्र फरक पडतो. पुतण्याच्या स्कोपचं भिंग ४० मिलिमीटरचं. मी हौसेने नऊ पटींवर फिरवला तर सगळं काळं. चार पटींवर आणला तर हरणाचे पाय मोजता आले. भिंगाला पटीने भागायचं. नऊवर डोळ्यापाशी साधारण साडेचार मिलिमीटरचा प्रकाश येतो, चारवर दहाचा. म्हणून म्हणतो, महागडा स्कोप नको, चारच पट घ्या.

तूरवाली
मंजे साडेसहापर्यंत. मंग अकराचं काय?

नाल्याकाठचा
अन् निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. मागच्या खेपेला आमच्या गावातली एकुलती एक परवान्याची बंदूक ऐन हरभऱ्यात ठाण्यात होती. रोह्याला आचारसंहिता कोण वाचून दाखवते?

जुना वनरक्षक (निवृत्त)
नारिंगी कपड्यांचं राहिलंच. पेन्सिल्व्हेनियात रायफलच्या हंगामात डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी अंगावर लागतं. आपल्याकडे जागल्या काळं घोंगडं पांघरून धुऱ्यावर बसतो. बंदूक द्यायची तर आधी त्याला नारिंगी बंडी द्या.

तूरवाली
बंडी चालते. दोन पाठवा, सासूबाईंची मोठ्या मापाची.