मदत हवी आहे: कोडिंग सोडून मॅनेजर व्हावं का? होकार देण्याआधी काय विचारून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, बॅकएंडचं, म्हणजे पडद्यामागच्या सर्व्हरच्या बाजूचं, काम करते. आमच्या सिस्टीममधला पेमेंटचा भाग पहिल्यापासून माझ्याच हातचा आहे. आमचे मॅनेजर दुसऱ्या विभागात चाललेत आणि त्यांच्या जागी येणार का, असं मला विचारलंय. टीम आठ जणांची. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी आधी अभिनंदनच केलं. माझं मन मात्र धजत नाहीये. मध्यंतरी काही ग्राहकांचे एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा कापले जात होते. दोन सर्व्हरचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, शेजारी शेजारी लावून ओळ न् ओळ वाचली. पैसे कापायची पहिली विनंती टाइमआउट झाली, म्हणजे तिला वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून ती फसली असं आमची सिस्टीम समजत होती, पण पलीकडे बँकेत ती पूर्ण झालेली असायची. आणि रीट्राय करताना, म्हणजे तीच विनंती पुन्हा पाठवताना, व्यवहाराचा जुनाच आयडी जायच्या ऐवजी नवा तयार होत होता, त्यामुळे बँकेला तो वेगळा व्यवहार वाटायचा. दुरुस्ती एका ओळीची. ती ओळ सापडली तेव्हा जो आनंद झाला, त्यासाठीच मी हे काम करते. मॅनेजरच्या दिवसात असं काही असतं का?

दुसरी काळजी माणसांची. टीममधले एकजण अनुभवाने माझ्याहून मोठे आहेत आणि ही जागा त्यांनाही हवी होती. आता त्यांचं अप्रेझल मी करायचं? आणि तिसरं म्हणजे, नाहीच रमले तर परत येता येतं का, की तोवर हात गंजलेला असतो?

पगार आणि पदनाम बाजूला ठेवून सांगा. ज्यांनी हे केलंय त्यांचं ऐकायचं आहे.

प्रतिसाद: आडवाट

मी या वाटेने गेलो आणि तिथेच रमलो, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार.

सगळ्यात आधी, याला बढती समजू नका. हे वेगळं काम आहे आणि त्यात तुम्ही पुन्हा नवख्या असणार. कोडमध्ये चूक की बरोबर हे टेस्ट चालवली की कळतं. इथे आज कोणाला दिलेली जबाबदारी योग्य होती की नाही, हे कळायला सहा-सहा महिने जातात. तुम्हाला त्या एका ओळीचा जो आनंद झाला तो इथेही मिळतो, पण उशिरा मिळतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर असतो. ते चालणार असेल तर पुढे जा. हाच खरा निकष आहे असं मला वाटतं.

मॅनेजर लागतातच कशाला, असं पुष्कळ इंजिनीअरना वाटतं. गूगलने २००२ साली इंजिनीअरिंगमधली मॅनेजरची पदं काढून पाहिली होती. काही महिन्यांतच ती परत आणावी लागली, कारण खर्चाच्या मंजुरीपासून आपसातल्या वादांपर्यंत सगळं थेट सहसंस्थापक लॅरी पेजपर्यंत जायला लागलं. पुढे त्यांनीच चांगल्या मॅनेजरांचा अभ्यास केला, त्यातून आठ गुण निघाले. माणसं घडवणं पहिलं आणि तांत्रिक ज्ञान आठवं. म्हणजे ते लागतं, पण तेवढ्यावर भागत नाही.

हात चालू ठेवण्याबद्दल: ज्या कामावर नव्या आवृत्तीचं रिलीज अडून आहे असं काम स्वतःकडे घेऊ नका. तुम्ही मीटिंगमध्ये अडकलात की सगळी टीम तुमच्यासाठी खोळंबते. टीमला लागणारी छोटी टूल्स, जुने किरकोळ बग, डिझाइनचे कागद वाचणं, कोड रिव्ह्यू (दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासणं), हे पुरतं. रिव्ह्यूत मात्र 'असं करा' लिहिण्याऐवजी 'इथे दोनदा विनंती आली तर काय होईल?' असं विचारा. तुमच्या नावापुढे मॅनेजर लागलं की तुमची सूचना लोकांना हुकूम वाटते.

प्रतिसाद: साधी रेघ

मी तीन प्रश्न लेखी विचारायला सांगेन.

कामावर घेणं, पगारवाढ आणि अप्रेझल यांत शेवटचा शब्द कोणाचा? जबाबदारी तुमची आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी जागा असेल तर सरळ नाही म्हणा. दुसरं, आठाचे किती होणार? आठ माणसांत बोलण्याच्या २८ जोड्या होतात, तुम्हाला धरून ३६. माणूस वाढला की काम वाढायच्या आधी हे वाढतं, आणि त्यातलं जे बिनसतं ते तुमच्याकडे येतं. तिसरं, परतीची वाट आहे का, आणि ती त्याच पगाराच्या श्रेणीत आहे का?

मी स्वतः मॅनेजर होऊन परत तांत्रिक कामावर आले. स्वेच्छेने आले आणि आनंदात आहे. नवी फ्रेमवर्क शिकायला थोडा वेळ लागला, पण सिस्टीम कुठे मोडेल याचा अंदाज तसाच होता. उलट माणसांचं काम केल्यामुळे आता माझं म्हणणं जास्त ऐकलं जातं. तांत्रिक वाटेवरच वर जाता यावं ही कल्पनाही नवी नाही, आयबीएमने फेलो हे वरिष्ठ तांत्रिक पद १९६०च्या दशकातच सुरू केलं. तुमच्याकडे तशी शिडी खरोखर आहे की नुसती कागदावर, ते त्या शिडीवर वर गेलेल्या एखाद्या माणसालाच विचारा.

प्रतिसाद: आडवाट

त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांबद्दल राहिलं होतं. होकार दिलात तर घोषणा व्हायच्या आधी त्यांच्याशी स्वतः बोला. जागा तुम्हालाही हवी होती हे मला माहीत आहे, असं स्पष्ट म्हणा. सांत्वन करू नका, त्यांना पुढे काय करायचंय ते विचारा आणि ऐकून घ्या. एखादा मोठा तांत्रिक निर्णय पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवता आला तर सोपवा, आणि सोपवल्यावर त्यात बोट घालू नका. दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोलायची सवय लावा. त्यात कामाचा आढावा नको, तो टीमच्या कामांच्या बोर्डावर दिसतोच. विषय समोरच्याने ठरवायचे. अप्रेझलच्या दिवशी कोणालाही नवं काही ऐकायला मिळता कामा नये.

धागाकर्ती

मनापासून आभार. तिन्ही प्रश्न मेलने पाठवलेत. परतीच्या वाटेचं उत्तर लेखी मिळालं तर होकार देईन, असं ठरवलंय. सहकाऱ्यांशी त्यानंतर लगेच बोलेन. एकच राहिलं: पेमेंटच्या ऑन-कॉलमध्ये, म्हणजे बिघाड झाला की ज्यांना फोन येतो त्या यादीत, माझं नाव ठेवू का?

प्रतिसाद: साधी रेघ

सुरुवातीला ठेवा, पण दुसऱ्या फळीत. पहिला फोन तुम्हालाच येत राहिला तर तो भाग कायम तुमचाच राहील, दुसऱ्या कोणालाही आपला वाटणार नाही. आत्ताच कोणाकडे द्यायचा ते ठरवा. पुढच्या वेळी पैसे दोनदा कापले गेले की त्या व्यक्तीच्या शेजारी बसा, कीबोर्ड मात्र तिच्याकडेच राहू द्या.