सायकल झाली, आता तिचा साज परवडेना!

राजेंद्रनगरकर:
इंदूरला राहतो, बँकेत नोकरी, रिटायरमेंट दृष्टिपथात. गिअरची सायकल घेतली, पहाटे राऊवरून महूपर्यंत जाऊन येतो. सायकलीचे पैसे एकदाचे मोजले, पण पुढचा खर्च काही थांबेना. हेल्मेट अडीच हजार. पॅडवाली चड्डी तीन हजार, कापड वीतभर! बाटली अडकवायचा प्लास्टिकचा पिंजरा, तोही चारशे. दुकानदाराचं एकच पालुपद, "भिया, इम्पोर्टेड है." आणि घरी बिलं आमची सौ. तपासते. हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची इच्छा आहे. पैसे कशावर घालू, कशावर नको? जर्सी नसली तर लोक हसतात का?

घाटवाला:
काका, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, हसायला फुरसत कोणाला? अंगाला न चिकटणारा कुठलाही पॉलिस्टरचा टीशर्ट चालतो. खिसे हवेत तर कमरेला पाऊच बांधा.
चड्डीत मात्र कंजुषी नको. आत दुसरी चड्डी घालायची नाही, तिचीच शिवण मांडीला काचते. घरी आल्या आल्या धुवायची, सावलीत वाळवायची. एकच घ्या, पण चांगली घ्या.
हेल्मेटच्या आत ईएन १०७८ (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा सीपीएससीचा (अमेरिकेचं) शिक्का बघा. वरचे पैसे बहुतेक वजन कमी आणि भोकं जास्त याचेच असतात. कोणाचं वापरलेलं मात्र फुकट मिळालं तरी नको. एकदा आपटलं की आतला फोम दबतो, वरून काही कळत नाही.
चेनसाठी तेलाची महागडी बाटली राहू द्या. जुना टूथब्रश, रॉकेल, मग शिलाई मशीनचं तेल, आणि वरचं तेल फडक्याने पुसून काढायचं, नाहीतर धूळ चिकटते. पावसात हे टिकत नाही, पुन्हा घालावं लागतं, एवढंच.

पेडलवाली:
ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल तर पंक्चरवाल्याचा पंप बसणार नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, अगदी स्वस्त. एक सायकलीला, एक पाकिटात.
जाता जाता: आम्हा बायकांच्या सायकलच्या चड्डीतलं पॅड वेगळ्या आकाराचं असतं, पण इथल्या एका दुकानात मला पुरुषांचंच गळ्यात मारत होते, वर "सेम है दीदी"! दीदी तशीच परत आली.

हिशेबी:
काका बँकेतले आणि पक्कं बिल मागत नाहीत? २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या स्टिकरवरची किंमत सांगत असेल तर तिथेच विचारा.
मागच्या दिव्यात पैसे वाचवू नका. बायपासवर ट्रकवाल्याला तेवढाच दिसतो.

राजेंद्रनगरकर:
पटलं. चड्डी आणि दिवा रविवारी आणतो, बिलासकट. टीशर्ट बँकेच्या क्रिकेट स्पर्धेतला पडलाय, पाठीवर गृहकर्जाची जाहिरात आहे. चालेल ना?

घाटवाला:
पळेल. फक्त त्यावर चमकणारं जॅकेट घाला, अंधारात ते सक्तीचं असतं. व्याजदर तेवढा झाकला जाईल.