किसिल्याखचे दगड : बघायला जावं की लांबूनच नमस्कार करावा?

पाऊलवाट (धागाकर्ता)
परवा घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक व्हिडिओ फिरत आला. उजाड डोंगर, माथ्यावर ओळीने उभे दगडी खांब आणि खाली मजकूर : ‘सायबेरियातलं हरवलेलं शहर, कुणी बांधलं?’

कुणीही बांधलेलं नाही. ईशान्य सायबेरियात, साखा प्रजासत्ताकात म्हणजे याकुतियात, वेर्खोयान्स्क गावाच्या बाजूला किसिल्याख नावाचा डोंगर आहे. तिथले खांब ग्रॅनाइटचे. हा दगड क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळात जमिनीखाली खोल थिजला, वरचं आवरण झिजून गेल्यावर उघडा पडला. त्याला उभ्या-आडव्या चिरा आहेत. चिरेत पाणी शिरतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि चीर रुंदावते. वेर्खोयान्स्कला १८९२ साली उणे ६७.८ अंशांची नोंद झाली आणि जून २०२० मध्ये ३८ अंशांची. असल्या हवेत दगड फुटणारच. जवळून घेतलेले फोटो बघा : गाडग्यांची उतरंड रचावी तसे कडा गोलावलेले थर, आणि त्यांवर आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांचे काळे-पिवळे चट्टे.

याकूत भाषेत ‘किही’ म्हणजे माणूस. त्यावरून किसिल्याख म्हणजे जिथे माणूस आहे असा डोंगर. पूर्वी या डोंगरांवर माणसं राहत होती, मोठी थंडी आली, ती खाली निघाली आणि वाटेतच गोठून दगड झाली, अशी कथा सांगतात. प्रत्येक जागेला तिचा ‘इच्ची’, म्हणजे राखणदार आत्मा असतो, असं याकूत मानतात. अशा ठिकाणी घोड्याच्या केसांची दोरी बांधतात, तिला कापडाच्या चिंध्या लावतात. तिला सलामा म्हणतात. उगाच कुणी तिथे जायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही.

माझं मत सरळ आहे : तिथे पर्यटन नकोच.

कोरडवाहू
दगडांबद्दल सहमत, शेवटच्या वाक्याशी अजिबात नाही. वेर्खोयान्स्कजवळच्या बातागाय परिसरातली कथिलाची खाण बंद पडली, माणसं सोडून गेली. जे उरलेत त्यांनी कशावर जगायचं? लेना नदीकाठचे स्तंभ बघा. ते चुनखडीचे, किसिल्याखशी त्यांचा संबंध नाही, पण तेही याकुतियातच. २०१२ साली जागतिक वारसा झाले, याकुत्स्कहून बोटी जातात, लोक बघून परत येतात. तिथले आत्मे रुसले का? दुसऱ्याच्या डोंगराला आपण इथे बसून कुलूप लावायचं, हे मला पटत नाही.

पाऊलवाट
कोरडवाहू, पोटाचा मुद्दा मान्य. पण बातागायजवळच काय झालं तेही बघा. १९६०च्या दशकात तिथे झाडं तोडली. जमिनीवरची सावली गेली, खालची कायम गोठलेली जमीन वितळू लागली आणि खचतच गेली. आज तिथे जवळपास एक किलोमीटर लांबीचा खड्डा आहे, दरवर्षी वाढतोय. टुंड्रात गाडीचं चाक गेलं तर चाकोरी दशकानुदशकं बुजत नाही.

कोरडवाहू
तो जंगलतोडीचा परिणाम. पाठीवर पिशवी घेऊन चालणाऱ्या दहा जणांचा नव्हे.

रानवारा
मला दोघांनाही एक विचारायचंय. सगळं ‘याकूत’च का? याकूत मूळचे तुर्की भाषाकुळातले, घोडे घेऊन दक्षिणेकडून आले. त्या उत्तरेत एवेन आणि युकागीर या जमाती त्यांच्याआधीपासून आहेत. नाव याकूतांनी दिलं म्हणून डोंगर त्यांचा एकट्यांचा होत नाही. आणि ‘या दगडांतून ऊर्जा मिळते, आजार बरे होतात’ हे शहरातून येणाऱ्यांचं नवं खूळ आहे. इच्चीला मान देणं आणि दगडाला टेकून तब्येत सुधारायला जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात माणूस काहीतरी ठेवून येतो, दुसऱ्यात घेऊन जायला जातो.

पाऊलवाट
एवेन-युकागीरांचं बरोबर. मी लिहायला हवं होतं.

सह्यकडा
श्रद्धेनेच जागा वाचतात हे मला अर्धवट वाटतं. अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवा. बेसॉल्टचे उभे खांब, वर गावदेवीचं मंदिर. तरी भोवतीचा दगड खाणवाल्यांनी कापत नेलाच! भूवैज्ञानिकांनी पाठपुरावा केला, २००७ साली वारसा यादीत नाव आलं, तेव्हा कुठे चाप बसला. देवी होतीच, कागदही लागला.

कोरडवाहू
हेच म्हणतोय. कागद करा, वाट आखा, सोबत गावचा माणूस सक्तीचा करा. पण माणसं येऊ द्या.

पाऊलवाट
गावचा माणूस सोबत असेल आणि ‘आज वर जायचं नाही’ हा त्याचा शब्द शेवटचा असेल, तर माझा विरोध मावळेल. पैसे भरलेत म्हणून कुणी तो शब्द मोडणार असेल, तर मी माझ्या मतावर ठाम.

रानवारा
आणि सलामाच्या चिंध्या आठवण म्हणून सोडून आणायच्या नाहीत. हे आधी लिहा.