मदत हवी आहे: उताराच्या जागेत घरासाठी माती काढायची आहे, परवानगी आणि धूप, दोन्हींबद्दल

लालमाती
राजापूर तालुक्यात ११ गुंठे बिनशेती जागा. पाण्याच्या नळीने मोजला तर ३० मीटरला ५ मीटर उतार भरतो. घराला १४ × १० मीटर सपाटी हवी. खाली लगेच शेजाऱ्यांची भातखाचरं. जेसीबीवाला म्हणतो, वरून सरळ कापू, दोन दिवसांत मोकळे.
माती जागेतच पसरायची असेल तरी तहसीलची परवानगी लागते का? कापलेल्या दरडीच्या वर ६० सेमी रुंद, ३० सेमी खोल समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीतला) मारला तर पुरेल का? आणि वाळा (खोल मुळांचं गवत) लावून गडगा, म्हणजे दगडांची बांधभिंत, टळेल का?

सातबारा_वाचक
उतार १:६ आहे, म्हणजे थोडक्यात वाचलात. १:५ किंवा त्याहून उभ्या उताराला बांधकाम परवानगी अडते, त्यामुळे मोजणीचा आडवा छेद नकाशासोबत जोडाच.
माती हे गौण खनिज. २०१३ च्या गौण खनिज नियमांत नंतर घातलेल्या तरतुदीनुसार, जागा विकसित करताना निघालेली माती त्याच जागेत वापरली तर स्वामित्वधन (रॉयल्टी) नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये मातीचा वापर कशासाठी झाला ते आधी बघा, असंच म्हटलं. तरी काम सुरू करण्याआधी तहसीलदारांकडे लेखी अर्ज, घनमापाचा हिशोब आणि फोटो देऊन पोच घ्या. एक डंपर जरी गेटबाहेर गेला तरी स्वामित्वधन आणि वाहतूक पास दोन्ही लागतात. विनापरवाना सापडलं तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय गाडी जप्त. तेव्हा जेसीबीवाला 'उरलेली मी नेतो' म्हणाला तर नको म्हणा.
ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ आड येत असतील तर तोडीची परवानगी वेगळी. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'खाजगी वन' नाही ना, तेही बघा.

दरडवाला
आधी हिशोब. १० मीटर रुंदी पूर्ण कापून काढली तर मागे १.६७ मीटरची दरड आणि सुमारे ११७ घनमीटर, म्हणजे ४१ ब्रास माती. अर्धं कापून अर्धं भरलं तर दरड ०.८३ मीटर आणि कापणी १० ब्रास. चौपट फरक! सरळ कापण्यात फायदा जेसीबीच्या तासांचा, तुमचा नाही.

समतल चर दरडीच्या डोक्यावर अजिबात नको. तो पाणी मुरवण्यासाठी असतो. मुरलेलं पाणी जांभ्याखालच्या पांढरट-गुलाबी चिकण मातीवर साचतं आणि वरचा थर घसरतो. तिथे वाहता चर हवा: कडेपासून २-३ मीटर मागे, शंभर मीटरला साधारण एक मीटर ढाळ, तोंड बाजूच्या व्हाळाकडे (ओढ्याकडे). जिथे पडतो तिथे दगड अंथरा, नाहीतर तिथेच घळ पडेल. समतल चर मारायचेच तर दरड-भरावापासून दूर, बागेच्या भागात. जेसीबी बोलावण्याआधी दोन मीटर खड्डा खणून खालची माती बघा.

वाळा पहिल्या पावसात काही धरत नाही. जूनमध्ये १०-१५ सेमीवर फुटवे लावा, पण त्या वर्षी उतार काथ्याच्या जाळीने किंवा गवताने झाका. जाळी खुंट्या मारून मातीला चिकटलेली हवी. खाली पोकळी राहिली की पाणी तिथूनच धावतं.

खाचरांसाठी जागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात १.५ × १ × १ मीटरचा गाळखड्डा. अर्धा भरला की उपसा.

लालमाती
भरावावर घराचा पुढचा भाग येईल. चालेल ना?

दरडवाला
पाया भरावावर टेकवायचा नाही. पुढचे कॉलम मूळ जमिनीत उतरवा. भराव टाकण्याआधी गवत आणि वरची २० सेमी काळपट माती काढून बाजूला ठेवा (बागेला लागेल), मूळ उतार पायऱ्यांसारखा कापा आणि २०-२५ सेमीचे थर ओलसर करून दाबा. एकदम ओतलेला भराव पहिल्या पावसात बसतो.
भरावाच्या पायथ्याला गडगा लागेलच. ०.८ मीटर उंचीला तळाची रुंदी निदान अर्धा मीटर, मागे दगडगोटे, माती नाही. सिमेंटने बांधलात तर दर दीड मीटरला तीन इंची पाइप सोडा.

सातबारा_वाचक
आणि काम १५ मेच्या आत संपवा. उघडी माती जूनला ठेवलीत तर गाळखड्डा दोन दिवसांत भरेल.