मदत हवी आहे: मुलगा १८ चा झाला अन् अनुदान थांबलं

हुडकेश्वरची_आई: माझ्या दिव्यांग मुलाला मार्चमध्ये १८ पूर्ण झाली. तेव्हापासून संजय गांधी निराधारचे पैसे बंद. तहसीलवाले म्हणतात दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपली. बँकवाले म्हणतात मायनर खातं आता चालत नाही, त्यालाच सही करू द्या. उन्हात चकरा मारून राहिली. आधी कुठं जाऊ, लवकर सांगा.

रामटेकवाला: ताई, दिव्यांगत्व कोणतं? किती टक्के? त्यावरच सगळं आहे.

इतवारी_७: सरळ सेतूत अर्ज टाका. माझ्या आईचं तिथंच झालं.

रामटेकवाला: आईचं श्रावणबाळ असेल भाऊ, म्हाताऱ्या माणसांची योजना. हे वेगळं आहे.

हुडकेश्वरची_आई: बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के. प्रमाणपत्र १० व्या वर्षी काढलं होतं. त्याला सही येत नाही.

सोनूचे_बाबा: मग आधी प्रमाणपत्र. हे ५, १० आणि १८ व्या वर्षी नवं करावं लागतं, १८ नंतरचं आयुष्यभर चालतं. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी वेबसाइटवर नूतनीकरण टाका, मग बुद्ध्यांक चाचणी होईल. पोराला सकाळी नीट खाऊ घालून न्या. अन् मध्ये तुम्ही उत्तरं सांगू नका. आम्ही घाबरून सांगत होतो, चाचणी पुन्हा द्यावी लागली.

सदरची_मावशी: आधी पालकत्व! १८ नंतर आईबापसुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष, ती पालक नेमून दाखला देते. कोर्टाची गरज नाही. तो दाखला बँकेत चालतो.

सोनूचे_बाबा: मुदत संपलेलं प्रमाणपत्र जोडून समितीत काय अर्ज करणार?

जरीपटका_दीदी: सरसकट पालक नेमा म्हणू नका जी. माझ्या भाचीला सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार) आहे, खातं स्वतः चालवते. पोराला काय समजतं ते आधी बघा.

हुडकेश्वरची_आई: माझ्या मुलाला पैशाचा हिशोब कळत नाही ताई. नोटा ओळखतो फक्त.

जरीपटका_दीदी: मग लागेल पालकत्व.

करसल्ला_नागपूर: वडिलांना दिव्यांग मुलासाठी प्राप्तिकरात (जुन्या करपद्धतीत) ७५,००० ची वजावट मिळते.

रामटेकवाला: निराधार योजनेच्या घरात प्राप्तिकर कुठला भाऊ?

हुडकेश्वरची_आई: पोर्टलवर आजच अर्ज टाकते. पण पालकत्वाला दोघांची सही लागते काय? त्याचे बाबा गेल्या वर्षी वारले.

सदरची_मावशी: नाही, तुमची एकटीची चालते. मृत्यूचा दाखला जोडा. हे आधी सांगायचं नाही काय बाई! निराधार विधवाही याच योजनेत येतात. तुमचा स्वतःचा अर्ज केला होता काय?

हुडकेश्वरची_आई: नाही.