ग्रीक ‘ने’ म्हणजे होय आणि बल्गेरियन ‘ने’ म्हणजे नाही, असे का?

उंबरठा यांचा प्रश्न

गेल्या वर्षी आम्ही बल्गेरियातील सोफियाहून बसने ग्रीसमधील थेस्सालोनिकीला गेलो. सोफियात ‘दा’ म्हणजे होय आणि ‘ने’ म्हणजे नाही, हे कानात पक्के बसले होते. शिवाय तेथे होकार देताना मान आडवी हलवण्याची रीत आहे, त्यामुळे मानेपेक्षा शब्दावर विसंबण्याची सवय लागली होती. थेस्सालोनिकीतील एका बेकरीत मी पालक भरलेला स्पॅनाकोपिटा आहे का, असे विचारले. काउंटरवरील बाई हसून ‘ने’ म्हणाल्या. मी आभार मानून दाराकडे वळलो, तर त्यांनी हाक मारून कागदात गुंडाळलेला गरम तुकडा पुढे केला.

तेव्हापासून मनात दोन प्रश्न घर करून आहेत. हा ग्रीक ‘ने’ आणि आपला ‘न’ यांचा काही संबंध आहे का? आणि नकाराचे शब्द ‘नो’, ‘नाइन’, ‘नों’, ‘न्येत’ असे एकमेकांसारखे असताना होकाराचे शब्द मात्र ‘यस’, ‘उइ’, ‘सी’, ‘दा’ असे चहूकडे पांगलेले का आहेत?

जुनी वही यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. त्या दोघांचा संबंध नाही, ते साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. प्राचीन ग्रीकमध्ये हा शब्द ‘नाइ’ असा उच्चारला जाई आणि देवाची शपथ घेतानाही वापरला जाई. पुढे ग्रीकमधील ‘आइ’ या जोडस्वराचा उच्चार ‘ए’ झाला आणि ‘नाइ’चा ‘ने’ झाला. मुळातला नकारार्थी ‘न’ ग्रीकने स्वतंत्र शब्द म्हणून टाकून दिला आणि त्याच्या जागी ‘ऊ’ हा शब्द आला; आजचा ‘ओखी’ हा नकार त्याच ‘ऊ’च्या घराण्यातला आहे. मात्र ‘करू नकोस’ अशा मनाईचा ‘मी’ ग्रीकमध्ये आजही आहे. त्याचे जुने रूप ‘मे’, आणि तो आपल्या संस्कृत ‘मा’चा सख्खा भाऊ आहे.

इतर भाषांतील ‘न’ मात्र खरोखरच एका मुळाचा आहे. गंमत अशी की, आज जे शब्द आपल्याला एकसंध वाटतात, त्यांतील बहुतेक ‘न’ला काहीतरी जोडून झालेले आहेत. जर्मन ‘नाइन’ म्हणजे ‘न’ आणि ‘एक’. लॅटिन ‘नोन’ही तसाच ‘एकही नाही’ यातून आला. इंग्रजी ‘नो’मध्ये ‘न’ आणि ‘कधी’ या अर्थाचा जुना शब्द आहे, तर रशियन ‘न्येत’मध्ये ‘येथे नाही’ असे लहानसे वाक्यच दडलेले आहे.

एकटा ‘न’ इतका लहान आहे की बोलण्याच्या ओघात तो सहज विरून जातो, म्हणून लोक त्याला टेकू देतात. आपणही नुसते ‘ठाऊक नाही’ न म्हणता ‘कणभरही ठाऊक नाही’, ‘तीळमात्र शंका नाही’ असे म्हणतो. फ्रेंचांनी हेच केले. ‘पाऊलभरही चालत नाही’ या अर्थाने ‘न’सोबत ‘पा’, म्हणजे पाऊल, हा शब्द येऊ लागला. तसेच ‘मी’ म्हणजे पावाचा कण आणि ‘गूत’ म्हणजे थेंब हेही वापरात होते. त्यांतला ‘पा’ टिकला, त्याचा पावलाशी असलेला संबंध विसरला गेला आणि आजच्या बोली फ्रेंचमध्ये मूळ ‘न’ गळून एकटा ‘पा’च नकाराचे काम करतो. ज्या शब्दात नकाराचा लवलेश नव्हता, तो पूर्ण नकार झाला, हे मला भाषेच्या इतिहासातील अतिशय सुंदर उदाहरण वाटते. डॅनिश अभ्यासक ओटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये या फेऱ्याचे सविस्तर वर्णन केले.

पाणवठा यांचे उत्तर

होकाराविषयी मी लिहितो. या सगळ्या भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्याकडे होकारासाठी सर्वमान्य असा एकच शब्द होता, असे दिसत नाही. लॅटिनमध्येही तसा ठरलेला शब्द नव्हता; ‘आलास का?’ याला ‘आलो’ असे क्रियापदानेच उत्तर देत किंवा ‘असेच’ म्हणत. आयरिशमध्ये आजही हीच पद्धत आहे: ‘समजते का?’ याला ‘समजते’. आपल्या घरांतही ‘जेवलास का?’ याला ‘जेवलो’ हेच सहज उत्तर असते, आणि आपला ‘होय’ तरी कोठून आला? तो ‘होणे’ या क्रियापदाचे रूप आहे, प्राकृत ‘होइ’ आणि संस्कृत ‘भवति’ यांचा वंशज. ‘नव्हे’ हा त्याचाच नकार.

म्हणजे प्रत्येक भाषेने आपापला होकार पुढे स्वतंत्रपणे घडवला. इटालियन आणि स्पॅनिश ‘सी’ हा लॅटिन ‘सिक’, म्हणजे ‘असे’, यातून आला. दक्षिण फ्रान्समध्ये ‘हे’ या अर्थाच्या ‘होक’चा ‘ओक’ झाला. उत्तरेत ‘ओ झ’, ‘ओ तू’, ‘ओ इल’, म्हणजे ‘हे मी’, ‘हे तू’, ‘हे तो’, अशी उत्तरे देत. त्यांतले ‘ओ इल’ सगळ्यांसाठी रूढ झाले आणि त्याचाच आजचा ‘उइ’ झाला. इटालियन कवी दान्ते याने चौदाव्या शतकाच्या आरंभी या तीन होकारांवरूनच भाषांची विभागणी केली. दक्षिण फ्रान्समधील लांगदोक या प्रांताच्या नावाचा अर्थच ‘ओकची भाषा’ असा आहे. रुमानियन भाषा लॅटिनची लेक असूनही तिने शेजारच्या स्लाव भाषांकडून ‘दा’ घेतला.

उंबरठा

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते. ‘तू येणार नाहीस ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे कोणी नुसते ‘हो’ म्हटले, तर मला पुन्हा विचारावे लागते. युरोपात या घोटाळ्यावर काही उपाय आहे का?

जुनी वही

आहे. नकारार्थी प्रश्न खोडून काढायचा असेल, तर फ्रेंच माणूस ‘उइ’ न म्हणता ‘सी’ म्हणतो आणि जर्मन माणूस ‘या’ न म्हणता ‘डोख’ म्हणतो. ‘येणार नाहीस?’ ‘सी’, म्हणजे ‘येणार तर!’ इंग्रजीतही पूर्वी अशीच सोय होती: साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, तर नकारार्थी प्रश्नाला ‘यस’ आणि ‘नो’. पुढे हा भेद पुसला गेला आणि ‘यस’, ‘नो’ एवढेच सर्वत्र उरले.